विश्व पसरतंय, मग देवयानी जवळ का येतेय?

विश्व प्रसरण पावतंय, म्हणजे सगळ्या दीर्घिका एकमेकींपासून दूर चालल्या आहेत. आणि आपली आकाशगंगा व शेजारची देवयानी दीर्घिका पुढेमागे एकमेकींवर आदळतील, असंही शास्त्रज्ञच सांगतात. सगळेच लांब चालले असतील तर कोण कुणावर आदळणार? दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी असली पाहिजे.

ही शंका मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. शंका चांगली आहे. ज्याने ऐकलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या त्यालाच ती येते. अडचण एवढीच की बरेच जण ती उत्तर मिळवण्यासाठी विचारत नाहीत. त्यांना पुढचं वाक्य म्हणायचं असतं : "बघा, यांचं सायन्स असंच. आज एक, उद्या दुसरं."

जून २०२५ मध्ये वर्तमानपत्रांत एक बातमी आली. देवयानीशी होणारी टक्कर आता नक्की मानता येत नाही, शक्यता साधारण निम्मी-निम्मी आहे, असा नवा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती बातमी पडली आणि तिच्याखाली दोन तट पडले. एक म्हणाला, आधी टक्कर होणारच म्हणत होते, आता पलटले, यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा? दुसऱ्याने लिहिलं, विश्व पसरतं हे आपल्या किताबात आधीच आलंय, यांना आत्ता कळलं. अकरावी सायन्सला असलेली माझी भाची हे सगळं वाचत होती. रात्री तिचा फोन आला.

"मामू, मी काय लिहू? ग्रुपवर सगळे मोठे आहेत."

तिला मी म्हटलं, ग्रुपवर काही लिहू नकोस, मीच सविस्तर लिहितो. कारण तिला फक्त एक खगोलशास्त्रीय उत्तर हवं नव्हतं. विज्ञान शिकायचं तर ते ज्यांच्या घरात शिकायचं त्यांच्याशी कसं बोलायचं, हाही तिचा सवाल होता. म्हणून आधी आकाशाचं बघू, मग घराचं.

आधी नियम काय आहे ते नीट समजून घेऊ. "सगळ्या दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत" हे वाक्य सोपं करून सांगितलेलं आहे. खरा नियम आकड्यांचा आहे. दीर्घिका जितकी लांब, तितक्या वेगाने ती दूर जाताना दिसते. ढोबळ हिशेब असा की दर ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे ७० किलोमीटर वेग वाढतो. १ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेसाठी हा वेग सेकंदाला २१५ किलोमीटरच्या आसपास येतो. १० कोटी प्रकाशवर्षांवर तो २,१५० होतो आणि १०० कोटींवर २१ हजारांच्या वर जातो. अंतर वाढलं की प्रसरणाचं पारडं जड होत जातं. अंतर कमी असेल तर हा वेग मामुली असतो.

आता देवयानी घ्या. ती आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. आपल्याला हे अंतर अफाट वाटतं, पण दीर्घिकांच्या दुनियेत हा शेजारच्या घराचा उंबरा आहे. वरच्या हिशेबाने प्रसरणाच्या खात्यावर इथे सेकंदाला जेमतेम ५४ किलोमीटर जमा होतात. आणि देवयानी व आकाशगंगा या दोघीही प्रचंड जड आहेत. प्रत्येकीचं वस्तुमान सूर्याच्या लाख कोटी पटींच्या घरात जातं. इतक्या जड आणि इतक्या जवळ असलेल्या दोघींमधली ओढ त्या ५४ किलोमीटरांना पुरून उरते.

ईदगाहवरची नमाज संपल्यानंतरचं मैदान आठवा. गळाभेटी झाल्या की गर्दी पांगायला लागते. वरून पाहिलं तर माणसामाणसांतलं अंतर वाढतंय असंच दिसेल आणि ते खरंही असेल. पण त्या गर्दीत आपल्या मुलाचं बोट धरलेला बापही असतो. गर्दी पांगते म्हणून त्याच्या हातातलं बोट सुटत नाही. दोन जुने दोस्त गर्दीत एकमेकांना शोधत असतील तर ते उलट जवळ येतात. "गर्दी पांगतेय" आणि "हे दोघे भेटले" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात. एक वाक्य पूर्ण मैदानाबद्दल आहे, दुसरं दोन माणसांबद्दल.

हे उदाहरण एका जागी तोकडं पडतं. मैदानातली गर्दी मैदानाच्या मध्यापासून बाहेर जाते. विश्वाच्या प्रसरणाला असा मध्य नाही. कुठल्याही दीर्घिकेत उभं राहून पाहिलं तरी लांबच्या दीर्घिका दूर जातानाच दिसतील. पण धरलेलं बोट सुटत नाही, हा भाग तंतोतंत लागू आहे. म्हणूनच विश्व पसरतंय म्हणून आपलं घर मोठं होत नाही, पृथ्वी सूर्यापासून सरकत नाही आणि आकाशगंगेतले तारेही पांगत नाहीत. विजेच्या बलाने किंवा गुरुत्वाकर्षणाने जे आधीच घट्ट बांधलेलं आहे ते प्रसरणात सामील होत नाही.

आता यातली गंमत. ज्या दीर्घिकेचा वेग माणसाने सगळ्यात आधी मोजला, ती दूर जाणारी नव्हती, जवळ येणारी होती. आणि ती देवयानीच होती.

१९१२ साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना भागात, फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर नावाचा खगोलशास्त्रज्ञ देवयानीच्या प्रकाशाचा वर्णपट घेत होता. त्या काळी तिला दीर्घिका म्हणत नसत, तेजोमेघ म्हणत. प्रकाश इतका अंधूक की एकेका फोटोसाठी कित्येक तास दुर्बीण तिच्यावर रोखून ठेवावी लागे. वर्णपटात मूलद्रव्यांच्या ठरलेल्या काळ्या रेषा असतात. वस्तू आपल्यापासून दूर जात असेल तर त्या रेषा तांबड्या बाजूला सरकतात, जवळ येत असेल तर निळ्या बाजूला. तांबड्याकडे सरकण्याला मराठीत ताम्रसृती असा छान शब्द आहे. देवयानीच्या रेषा निळ्याकडे सरकलेल्या निघाल्या. वेग आला सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर, आपल्या दिशेने.

यातला मोठा वाटा आपला स्वतःचा आहे. सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो आणि सध्या त्या फेरीत तो साधारण देवयानीच्या बाजूला चालला आहे. तो वाटा वजा केला की दोन्ही दीर्घिकांची केंद्रं एकमेकांकडे सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने येत आहेत असं कळतं. म्हणजे दिवसाला ९५ लाख किलोमीटर.

स्लायफर तिथे थांबला नाही. पुढच्या काही वर्षांत त्याने आणखी अशा मेघांचे वेग मोजले आणि त्यातले बहुतेक दूर जाणारे निघाले. हे मेघ म्हणजे आकाशगंगेच्या बाहेरच्या स्वतंत्र दीर्घिका आहेत हे नंतर ठरलं. त्यासाठी हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी शोधलेला एका विशिष्ट प्रकारच्या ताऱ्यांचा नियम कामी आला. त्याच्या आधारे १९२३ मध्ये एडविन हबलने देवयानीत तसा तारा शोधला आणि तिचं अंतर काढलं. १९२७ मध्ये बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी आणि १९२९ मध्ये हबलने वेग आणि अंतर यांचा संबंध मांडला. लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते, ही बाब जाता जाता ध्यानात ठेवा.

मला सांगायचं आहे ते हे, की देवयानीचा निळ्याकडे सरकलेला वर्णपट प्रसरणाच्या सिद्धान्ताच्याही आधीपासून टेबलावर होता. कुणी तो लपवला नाही. ज्यांनी प्रसरणाचा नियम मांडला त्यांना देवयानी जवळ येतेय हे पक्कं ठाऊक होतं. त्यांना त्यात विसंगती दिसली नाही, कारण नियम मांडताना "किती अंतरावर" हा प्रश्न त्यांनी सोडलेला नव्हता. तो प्रश्न आपण नियम सोपा करताना सोडला.

पण सगळं पसरत असताना मुळात ही जोडी जवळ यायला लागली कशी? दगड वर फेकून पाहा. तो वर जातो, त्याचा वेग कमी होत जातो, क्षणभर थांबतो आणि खाली यायला लागतो. आकाशगंगा आणि देवयानी ज्या द्रव्यातून बनल्या तेही सुरुवातीला बाकी सगळ्यांसारखं एकमेकांपासून दूरच जात होतं. पण आपसातल्या ओढीने तो वेग हळूहळू खाल्ला. एका टप्प्यावर दूर जाणं थांबलं आणि परतीचा प्रवास सुरू झाला. आज आपण तो परतीचा प्रवास पाहतोय. याउलट लांबच्या दीर्घिका म्हणजे इतक्या जोरात फेकलेले दगड की आपली ओढ त्यांना कधीच परत आणू शकत नाही.

१९५९ मध्ये फ्रान्झ कान आणि लोडेविक वोल्तर या दोघांनी हाच हिशेब उलटा मांडला. विश्वाच्या वयात दूर जाणं थांबवून, दिशा पालटून, आजच्या वेगाने परत यायचं असेल तर या दोघींत मिळून किती वस्तुमान हवं? उत्तर आलं ते दिसणाऱ्या ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानापेक्षा कितीतरी जास्त होतं. म्हणजे न दिसणारं काहीतरी भरपूर आहे. ज्याला आज आपण कृष्णद्रव्य म्हणतो त्याच्या सुरुवातीच्या खुणांपैकी ही एक. ग्रुपवर ज्या गोष्टीला विसंगती म्हटलं गेलं, तिने दीर्घिकांचं वजन करायचा तराजू दिला.

देवयानी एकटीच अपवाद आहे असंही नाही. कन्या राशीच्या दिशेला सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. पूर्ण समूह आपल्यापासून दूर चालला आहे. पण त्याच्या पोटात एकमेकींभोवती फिरणाऱ्या दीर्घिकांचे आपापले वेग इतके आहेत की त्यातल्या काही आपल्याकडे येताना दिसतात. एम ८६ नावाची त्यातली एक मोठी दीर्घिका सेकंदाला २०० किलोमीटरहून जास्त वेगाने आपल्या दिशेने येते आहे. ट्रेन पुढे जात असताना डब्यातला एखादा प्रवासी मागच्या दाराकडे धावतो, तसं.

हस्त नक्षत्राच्या भागात दुर्बिणीतून दोन दीर्घिका एकमेकींत अडकलेल्या दिसतात. त्यांच्यातून ताऱ्यांच्या दोन लांब शेपट्या बाहेर फेकल्या गेल्या आहेत, किड्याच्या मिशांसारख्या. ही जोडी आपल्यापासून सेकंदाला सुमारे १,६०० किलोमीटर वेगाने दूर जात आहे आणि त्याच वेळी आपसात आदळतेही आहे. त्या आपल्यापासून लांब आहेत, पण एकमेकींच्या जवळ आहेत. मघाच्या शंकेचं उत्तर या एका जोडीतही सापडतं.

१९६६ मध्ये हॉल्टन आर्प यांनी अशा वेड्यावाकड्या ३३८ दीर्घिकांचा एक चित्रसंग्रह छापला. १९७२ मध्ये अलार आणि युरी टूमरे या भावांनी संगणकावर हिशेब करून दाखवलं की दोन दीर्घिका जवळून गेल्या की नुसत्या गुरुत्वाकर्षणानेच अशा शेपट्या तयार होतात. त्यानंतर टकरींविषयी फारशी शंका उरली नाही. आपल्या आकाशगंगेने स्वतःही हे केलं आहे. १९९४ मध्ये धनू राशीच्या दिशेला एक छोटी दीर्घिका सापडली, तिला आकाशगंगा आजही तुकड्या-तुकड्याने गिळत आहे. गाइया या अवकाश दुर्बिणीच्या मोजणीतून २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी एक बऱ्यापैकी मोठी दीर्घिका आपल्यात विरघळली आणि तिचे तारे अजून वेगळ्या चालीने फिरताना ओळखू येतात. आपण ज्याला "आपली" आकाशगंगा म्हणतो ती अशी अनेक वस्त्या सामावून झालेली आहे.

"टक्कर" हा शब्द ऐकून हायवेवरचा अपघात डोळ्यांपुढे आणू नका. मुंबईत ज्वारीचा एक दाणा ठेवा आणि त्याला सूर्य समजा. त्या मापाने सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा म्हणजे पुण्यात ठेवलेला त्याहून बारीक दाणा. मधे काही नाही. दोन दीर्घिका एकमेकींतून जातात तेव्हा तारे ताऱ्यांवर आदळण्याचा प्रसंग जवळपास येतच नाही. वायूचे ढग मात्र एकमेकांवर आदळतात, दाबले जातात आणि त्यातून नवे तारे जन्मतात. ताऱ्यांच्या कक्षा विस्कटतात, सर्पिल आकार मोडतो आणि बऱ्याच काळाने दोघींची मिळून एक गोलसर दीर्घिका उरते. आपण घाबरायचं कारण नाही, कारण सूर्य तापत चालला आहे आणि त्याच्याच उष्णतेने पृथ्वीवरचे समुद्र साधारण १०० कोटी वर्षांत आटायला लागतील. देवयानी त्याच्या फार नंतर येईल.

आता त्या पलटण्याकडे. खरंच पलटले का?

एखादी वस्तू आपल्याकडे किती वेगाने येते हे वर्णपटावरून कळतं. पण ती आडवी किती सरकते हे त्यातून कळत नाही. अंधारात समोरून बॅटरी घेऊन कुणी येत असेल तर तो जवळ येतोय हे प्रकाशावरून समजतं. तो येऊन धडकणार की खांद्याला घासून निघून जाणार, हे त्याच्या थोड्याशा आडव्या सरकण्यावर ठरतं. देवयानीचं हे आडवं सरकणं इतकं बारीक आहे की स्लायफरनंतर जवळपास शंभर वर्षं ते कुणाला थेट मोजता आलं नव्हतं.

हबल अवकाश दुर्बिणीने काही वर्षांच्या अंतराने काढलेले फोटो ताडून २०१२ मध्ये ते मोजलं गेलं. आडवा वेग फारच कमी निघाला, म्हणजे देवयानी जवळपास सरळ आपल्या रोखाने येतेय. त्यावरून सुमारे ४०० कोटी वर्षांनी टक्कर, असं अनुमान निघालं. २०२५ च्या अभ्यासात हेलसिंकीच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी मोजमापं घेतली आणि दोन गोष्टी पुरत्या हिशेबात धरल्या. एक, प्रत्येक आकड्यात किती चूक असू शकते. दोन, आसपासच्या छोट्या दीर्घिकांची ओढ. देवयानीजवळची त्रिकोण दीर्घिका टकरीची शक्यता वाढवते. आपल्याजवळचा मोठा मॅगेलनी मेघ ती कमी करतो, कारण तो आकाशगंगेलाच थोडा बाजूला ओढतो. अशा हजारो शक्यता संगणकावर चालवून पाहिल्या तेव्हा पुढच्या १,००० कोटी वर्षांत दोघी एक होण्याची शक्यता सुमारे निम्मी आली.

नीट पाहा. देवयानी जवळ येतेय, हे कुणी मागे घेतलेलं नाही. विश्व पसरतंय, हेही कुणी मागे घेतलेलं नाही. बदललं ते एवढंच, की नेमका निशाणा लागेल याची खात्री किती बाळगायची. ही खात्री आधीच्यांनाही खोटं ठरवून कमी झालेली नाही, जास्त बारकाईने मोजल्यामुळे कमी झाली. "आम्हाला याची खात्री इतकीच आहे" असं छापून सांगणाऱ्याला आपण पलटणारा म्हणत असू तर भरवसा ठेवायला आपल्याजवळ फक्त हट्टी माणसं उरतील.

आता घराचं. ग्रुपवरच्या दुसऱ्या तटाला मला जास्त आपुलकीने उत्तर द्यायचं आहे, कारण ते माझेच लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं प्रेमापोटी आहे. "हे आपल्याकडे आधीच होतं" या म्हणण्यातून आपल्याला वाटतं की आपण धर्माची इज्जत वाढवली. मला उलट भीती वाटते. इमान एखाद्या वैज्ञानिक आकड्याच्या खुंटीला टांगलं की आकडा हलला तेव्हा काय करणार? २०१२ ला "टक्कर होणार" याचा हवाला शोधायचा आणि २०२५ ला "नाही होणार" याचा? किताब माणसाला कसं जगावं हे सांगायला आली. देवयानीचा आडवा वेग मोजायचं काम आपल्यावर सोडलेलं आहे. लमेत्र धर्मगुरू होते, विश्वाची सुरुवात एका बिंदूपासून झाली असावी असं त्यांनी मांडलं, तरीही आपल्या धर्माचा पुरावा म्हणून विज्ञान वापरू नये, असंच त्यांचं मत होतं.

आणि अभिमानच बाळगायचा तर तो बाळगायला आपल्याकडे माणूस आहे. अब्दुल रहमान अल-सूफी. इराणातल्या रय शहरात ९०३ मध्ये जन्मलेला. देवयानी दीर्घिकेची आज उपलब्ध असलेली सगळ्यात जुनी लेखी नोंद त्याची आहे, ९६४ सालच्या त्याच्या ताऱ्यांवरच्या किताबातली. अरबांच्या कल्पनेतल्या आकाशातल्या माशाच्या तोंडाशी एक ढगासारखा डाग आहे, असं त्याने नोंदवलं. त्याला ती दीर्घिका आहे हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं, दुर्बीण यायला साडेसहाशे वर्षं होती. जे दिसलं ते त्याने जसंच्या तसं लिहिलं, त्यावर इमारत बांधली नाही.

त्याचं मोठेपण मला याहून आणखी एका गोष्टीत वाटतं. त्याच्यासमोर टॉलेमीची ताऱ्यांची यादी होती, तिला आठशे वर्षं झाली होती आणि सगळे ती प्रमाण मानत. अल-सूफीने ती नुसती उतरवून घेतली नाही. एकेका ताऱ्याची तेजस्विता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि जिथे फरक दिसला तिथे तसं लिहिलं. त्याला टॉलेमीबद्दल आदर होता, म्हणूनच त्याने त्याचं काम तपासून पाहिलं. इल्मची आपली परंपरा कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. आपण कुठली गोष्ट पहिल्यांदा म्हटली, यापेक्षा आपण कशी पाहिली हे महत्त्वाचं.

मराठीत याच चालीचा माणूस आपल्या डोळ्यांसमोर होऊन गेला. डॉ. जयंत नारळीकर मे २०२५ मध्ये पुण्यात गेले, टकरीची ती बातमी येण्याच्या काही दिवस आधी. विश्व पसरतंय हे त्यांना मान्य होतं, पण ते एका महास्फोटातून सुरू झालं हे मान्य नव्हतं. जगभरातल्या बहुतेक शास्त्रज्ञांचं मत त्यांच्याविरुद्ध होतं. त्यांनी आयुष्यभर आपला मतभेद गणितात मांडला, उत्तरं ऐकली, पुन्हा मांडला. कुणाला खोटारडं म्हटलं नाही. मतभेद असा करता येतो, हे घरातल्या मुलांना दाखवायला ते मला फार उपयोगी वाटतात.

शेवटी थोडं पुढचं सांगतो. १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक गटांना दिसलं की प्रसरणाचा वेग वाढतोय. याचा अर्थ असा की जे आजवर एकमेकांच्या ओढीत आलेले नाहीत ते पुढेही येणार नाहीत. फार दूरच्या भविष्यात आकाशगंगा, देवयानी आणि त्यांच्या भोवतीच्या काही छोट्या दीर्घिका एवढंच आपलं मोहल्ल्याएवढं कुटुंब उरेल. बाकी सगळ्या इतक्या लांब गेलेल्या असतील की त्यांचा प्रकाशही इथवर पोचणार नाही. तेव्हा कुठल्या ग्रहावर कुणी विचार करणारं असलं आणि त्याने आकाश पाहिलं, तर विश्व पसरतंय हे कळायला त्याच्यासमोर दूर जाणारी एकही दीर्घिका नसेल. त्याला वाटेल, सृष्टी म्हणजे एवढंच. आपण अशा काळात आहोत की दूर जाणारेही दिसतात आणि जवळ येणारेही. म्हणून दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असल्याची साक्ष आपण देऊ शकतो.

भाचीला आणि तुम्हा सगळ्यांना एक काम देतो. नोव्हेंबरच्या मध्यावर, अमावास्येच्या आसपास, रात्री नऊच्या सुमाराला शहराच्या दिव्यांपासून लांब एखाद्या गावी जा. उत्तरेकडे तोंड करून डोक्यावरच्या आकाशाच्या थोडं खाली बघा. शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांची वाकडी ओळ ओळखू येईल. तिच्याहून वर, भाद्रपदाच्या मोठ्या चौकोनाच्या कोपऱ्यातून निघालेली देवयानी नक्षत्राची ताऱ्यांची रांग आहे. त्या रांगेतल्या मधल्या मिराक नावाच्या ताऱ्याजवळ, शर्मिष्ठेच्या बाजूला, पुसटसा पांढुरका ठिपका शोधा. मिराक हे नावही अरबीतून आलेलं आहे. डोळ्यांनी नाही जमलं तर साधी द्विनेत्री पुरे. त्या ठिपक्याचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखी माणसंही नव्हती. अल-सूफीने पाहिला तोच तो ठिपका. तुम्ही तो बघत असताना एका तासात त्याचं आणि आपलं अंतर सुमारे चार लाख किलोमीटरने, म्हणजे पृथ्वीपासून चंद्रापर्यंत जेवढं अंतर साधारण तेवढ्याने, कमी झालेलं असेल.